वरात गेली, कुत्री उठली नाही

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून लग्नाचं लॉन आहे. कात्रजच्या या बाजूला शेतं होती तेव्हापासून ती जमीन एकाच घराण्याकडे आहे. पूर्वी तिथे ज्वारी व्हायची म्हणतात, आता लग्नं होतात. मे महिन्यात जवळजवळ रोज संध्याकाळी वरात येते. आधी बँड, मग डीजे, आणि नवरदेव कमानीखाली उभा राहिला की फटाक्यांची लांबलचक माळ. एकदा मी तक्रार करायला लॉनच्या मालकांकडे गेले होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, बोलणं अगदी हसतमुख. म्हणाले, "वहिनी, लग्न हाय, मयत न्हाई. वाजणारच." वर चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आले. त्यानंतर मी परत गेले नाही.

तक्रार माझ्यासाठी नव्हती, कुत्रीसाठी होती. आमची कुत्री गावठी, विटकरी रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. लहान पिल्लू असताना घाटाच्या रस्त्यावर सापडली, तेव्हापासून घरात. तशी शूर. मांजरं, माकडं, कुरिअरवाले, कुणालाही घाबरायची नाही. पण फटाक्याचा आवाज झाला की तिचं सगळं अंग थरथरायचं, लाळ गळायची, आणि ती पलंगाखाली भिंतीला पाठ लावून पडायची. एका मे महिन्यात नवरा तिला फिरवून आणत असताना अचानक माळ पेटली. तिनं गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या धुण्याच्या एका सेंटरमध्ये, उभ्या टँकरखाली सापडली. तळपाय सोलून निघाले होते. त्या दिवसापासून लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरात बंदोबस्त असतो. संध्याकाळ व्हायच्या आत तिला फिरवून आणायचं, खिडक्या लावायच्या, फटींत जुनी ब्लँकेटं कोंबायची, टीव्ही मोठा करायचा आणि कुणीतरी तिच्याजवळ बसायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नणंद आमच्याकडे महिनाभर राहायला आली. नवऱ्याची थोरली बहीण. नाशिकला एकटी राहते, बँकेतून निवृत्त झालेली, मुलं परदेशात. तिच्या इमारतीत सगळ्या पाइपांचं काम निघालं होतं, म्हणून मीच फोन करून तिला बोलावलं होतं. आमचं तसं बरं जमतं. ताई कमी बोलते, कुणाच्या मध्ये पडत नाही, स्वतःचा चहा स्वतः करून घेते. कुत्र्यांबद्दल मात्र तिचं मत ठरलेलं: "मला आवडतात गं, समोरच्या घरात असली की."

ती आल्यानंतरच्या पहिल्याच लग्नाच्या दिवशी मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. सोसायटीच्या फाटकात पोचले आणि पलीकडे माळ पेटली. मी जिन्यानं धावतच वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, ताई हॉलमध्ये वाचत बसली होती. खिडक्या सताड उघड्या. धुराचा वास घरात आलेला. आणि कुत्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थंड फरशीवर आडवी पसरून झोपलेली.

माळ संपली, डीजे सुरू झाला. कपाटाच्या काचा थरथरत होत्या. कुत्रीचं पोट शांतपणे वरखाली होत होतं.

मी वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती केवढी दचकली! चारी पायांवर उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, मग शेपटी हलवली आणि पुन्हा जाऊन पडली.

"किती वेळ झोपलीय ही?" मी ताईला विचारलं.

ताई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "चहा टाकते तुला."

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिंचवडच्या कंपनीतून थकून आलेला. म्हणाला, "अगं, सवय झाली असेल तिला. चांगलंच आहे की. झोपू दे."

तो तसंच म्हणणार. मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, गाडी चोरीला गेली, की माणसं येऊन सांगतात आणि मी ऐकून घेते. जे फार सोयीचं घडलंय तिथे आधी बोट ठेवायचं, हे मला त्या नोकरीनं शिकवलंय. इतकी वर्षं जी कुत्री टिकली फुटली तरी पलंगाखाली जायची, ती एका वर्षात माळेच्या आवाजात घोरायला लागते? मला ते पटेना.

मग मी लक्ष ठेवायला लागले. एकदा लक्ष ठेवायला लागलं की काय, दिसतच जातं. कुत्री दिवसभर झोपत होती. पूर्वी दाराची बेल वाजली की माझ्या आधी दाराशी असायची. आता दूधवाला येऊन गेला तरी मान वर करत नव्हती. हाक मारली तर ढिम्म. समोर जाऊन उभं राहिलं की मात्र प्रेमानं शेपटी हलवायची. डोळेही मला जरा धुरकट वाटले. हिला कुणीतरी काहीतरी देतंय, असं माझ्या मनानं घेतलं आणि मग ते काही केल्या जाईना.

कुत्रीच्या नेहमीच्या डॉक्टरबाई सुट्टीवर गावी गेल्या होत्या. दवाखान्यात फोन केला तर त्यांचा मदतनीस म्हणाला, "जेवते ना? चालते ना? मग मॅडम, ऊन आहे, झोपणारच. मॅडम आल्या की आणा." त्याचंही मला संशयास्पदच वाटलं, पण त्याचा यात काय फायदा ते सापडेना, म्हणून त्याला सोडून दिलं.

ज्यांचा फायदा होता असे दोघं होते.

पहिले आमच्या खालच्या मजल्यावरचे, सोसायटीचे सेक्रेटरी. गृहस्थ दर मे महिन्यात मुलांसाठी सुट्टी महोत्सव भरवतात. पार्किंगमध्ये मांडव, खाण्याचे स्टॉल, मुलांचे नाच, शेवटी फटाके. आदल्या वर्षी पाहुण्यांचं भाषण चालू असताना पलीकडे लग्नाचे फटाके वाजले आणि आमच्या कुत्रीनं वरून जो गळा काढला तो भाषण संपेपर्यंत. लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. यंदा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा छताकडे बघत म्हणाले होते, "मॅडम, या वेळी कुत्रीचा काहीतरी बंदोबस्त करा. नाहीतर मग आम्हालाच काहीतरी करावं लागेल."

काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही तेव्हा विचारलं नाही. आता ते वाक्य मला भांडी घासताना, गाडी चालवताना, सारखं ऐकू यायला लागलं.

नवऱ्याला विचारलं, "सकाळी फिरायला नेतोस तेव्हा सेक्रेटरी भेटतात?"

"भेटतात की. बिस्किट देतात तिला."

"बिस्किट? ते? कधीपासून?"

"झाले काही दिवस. बिस्किटच आहे गं, बाँब नाही."

मी तशीच खाली गेले आणि बेल वाजवली. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले.

"तुम्ही आमच्या कुत्रीला कसलं बिस्किट देता?" मी विचारलं.

"कुत्र्याचं," ते म्हणाले. "पाकिटावर फोटो आहे कुत्र्याचा. माझा नाही."

"मला बघायचंय."

ते आत गेले, पाकीट घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. मी उलटसुलट करून वाचलं. त्यातलं एक बिस्किट काढून रुमालात गुंडाळलं. ते शांतपणे बघत उभे होते.

"एवढं प्रेम अचानक कसं काय आलं?" मी म्हटलं.

"शेजारी आहे ती आमची. शिवाय महोत्सवाला तोंड बंद ठेवावं, म्हणून ओळख वाढवतोय. लाच समजा." मग दार लावता लावता म्हणाले, "एकच पुरेल का, की अजून देऊ?"

उघडपणे लाच म्हणणारा माणूस जास्त धोकादायक की कमी, हे मला ठरवता आलं नाही. ते बिस्किट मी फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे ठेवलं. ते कुठे तपासून घ्यायचं, तेही मला माहीत नव्हतं.

दुसरा संशय मला स्वतःलाच नकोसा होता.

ताई झोपेच्या गोळ्या घेते, हे मला ठाऊक होतं. तिचे यजमान गेल्यापासून घेते. आणि या खेपेला तिनं आपणहून कुत्रीचा दहीभात कालवायला सुरुवात केली होती. मी ऑफिसला, नवरा कंपनीत, घरात दिवसभर ती आणि कुत्री. जिला कुत्री समोरच्या घरात आवडते, तिला ही दहीभाताची माया कुठून आली? शिवाय दुपारची झोप तिला प्यारी, आणि आमच्या कुत्रीचं भुंकणं म्हणजे सगळ्या इमारतीला जाग. माणसाच्या झोपेच्या गोळीनं कुत्र्याचं काय होऊ शकतं, ते मी डॉक्टरबाईंकडून पूर्वी ऐकलं होतं. एखाद्याला वाटतं आपण तिच्या भल्यासाठीच अर्धी गोळी देतोय, आणि कुत्रं उठतच नाही.

मी तिला आडून आडून विचारायला लागले. ती नीट उत्तर द्यायची नाही. एकदा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, मी म्हटलं, "ताई, कुत्री दुपारी जेवल्यावर लगेच झोपते का?" काही नाही. नळ चालू, ती भांडं विसळतेय. पुन्हा विचारलं. काही नाही. मी समोर गेले तशी हसली आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

त्या रविवारी आम्ही दोघी आंबे आणायला मंडईत गेलो. आंबेवाला एक बोलत होता, ताई भलतंच उत्तर देत होती. तो म्हणाला, "देवगडचा आहे, मावशी." तर ही म्हणाली, "नको, आम्ही घरीच पिकवू." मला वाटलं, घासाघीस करायची ही तिची रीत. परत येताना रिक्षात मी मन घट्ट केलं आणि सरळच विचारलं, "ताई, तुम्ही तिला कसलं औषध वगैरे देता का हो?"

ताई बाहेर बघत होती. म्हणाली, "हो ना. यंदा फारच आहे. नाशिकला इतकं नव्हतं."

बाहेर ऊन रणरणत होतं. हातावर आंब्यांची पिशवी जड झाली होती. खोटं बोलणारी माणसं मी खूप बघितली आहेत, पण प्रश्न असा सहज हवेत सोडून देणारी क्वचितच.

त्याच दिवशी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या खोलीत गेले. फळीवर तिची निळी पिशवी होती. आत गोळ्यांचं पाकीट होतं, काही खाल्लेल्या, काही शिल्लक. त्यावरून काय कळणार? शेजारी एक छोटी गोल डबी होती. ती उघडणार तेवढ्यात नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी पिशवी जागच्या जागी ठेवली. वळले तर ताई ओल्या केसांनी दाराशी उभी. तिनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग केस पुसत आत आली.

दुसऱ्या दिवसापासून मी फर्मान काढलं. कुत्रीला माझ्याशिवाय कुणी काही खायला द्यायचं नाही. सकाळचं देऊन मी ऑफिसला जाणार, संध्याकाळचं आल्यावर. नवऱ्याला सांगितलं, सेक्रेटरी दिसले तर रस्ता बदल.

"तू ताईलाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"'बरं' म्हणाली. एवढंच. आश्चर्य वाटलं नाही, कारण विचारलं नाही. तुला नाही वाटत चमत्कारिक?"

"मला तू चमत्कारिक वाटतेयस," नवरा म्हणाला. "ती पाहुणी आहे आपल्याकडे. तुझा क्लेम नाही."

आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. ताई पलीकडच्या खोलीत होती, दार उघडं होतं. तिनं काही ऐकलं असं दाखवलं नाही. मला ते आणखीच खटकलं.

आणि गंमत अशी की फर्मान निघून आठवडा होत आला तरी कुत्री तशीच. वराती येत होत्या, माळा फुटत होत्या, ती झोपून राहत होती.

मग महोत्सवाचा दिवस आला. दुपार कलल्यापासून पार्किंगमध्ये गडबड. पताका, भेळेचा स्टॉल, खिमा-पावचा स्टॉल, मुलांच्या रांगा, माइकवर सेक्रेटरी. ताई म्हणाली, "मला गर्दी नको, मी वरच बसते." तिला आणि कुत्रीला एकटं सोडून खाली जायची माझी तयारी नव्हती, पण नवऱ्यानं दंडाला धरून नेलंच. जाताना बघितलं तर कुत्री हॉलमध्ये झोपलेली होती. आत्तापर्यंत अशा दिवशी तिला कोंडावं लागायचंच नाही. भीतीच तिला पलंगाखाली धरून ठेवायची. त्यामुळे दाराला वरची कडी घालावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मुलांचे नाच झाले. साउंडवाल्यांचा टेम्पो जनरेटर उचलायला उलटा आत येत होता. एका कोपऱ्यात मोठी मुलं भुईनळे लावत होती, मध्येच एखादा बाँब. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, कुत्री! कुत्री!"

आमची कुत्री जिन्यातून खाली आली होती. खिमा-पावच्या स्टॉलमागे खरकट्या पत्रावळ्यांचा ढीग होता आणि ती त्यात तोंड घालून रमली होती, टेम्पोच्या मागच्या चाकापासून अगदी थोड्या अंतरावर. टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हरला ती दिसणं शक्य नव्हतं. मी ओरडले, नवरा ओरडला, चाळीसेक माणसं ओरडली. तिनं मान वर केली नाही. मागे बाँब फुटला. तिनं पत्रावळ चाटली.

मी गर्दीच्या पलीकडे होते. खुर्च्यांमधून वाट मिळेना. आणि त्याही क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की ताईनं हिला सोडलं.

मग ताईच दिसली. अनवाणी, पदर खोचलेला, जिन्यातून धावत आली. ती कुत्रीच्या मागे गेली नाही. वळसा घालून स्टॉलच्या पलीकडून तिच्या बरोबर समोर गेली, खाली बसली आणि दोन्ही हात पसरले. कुत्रीनं वर बघितलं. पत्रावळ सोडली आणि सरळ ताईच्या मिठीत गेली. त्याच वेळी टेम्पोच्या मागच्या फळीवर कुणीतरी दणादणा मुठी मारत होतं. ते सेक्रेटरी होते, माइक तसाच हातात. मुठीचे आवाज सगळ्या सोसायटीभर घुमले. टेम्पो थांबला.

आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. कुत्री आमच्या मध्ये, तोंडाला रस्सा लागलेला. ताईच्या तळव्याला काच लागली होती, थोडं रक्त येत होतं.

मी विचारलं, "ताई, दार उघडं कसं राहिलं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. म्हणाली, "पोरं बर्फ न्यायला वर आली होती बहुतेक. फ्रीज उघडा दिसला. मी खोलीत होते. मला कुणी आलेलं ऐकूच आलं नाही." मग म्हणाली, "हिलाही नाही येत. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"कुणाला नाही येत?"

"कुत्रीला. बहिरी झालीय ती. मला आल्या आल्याच कळलं. मागून कुणी हात लावला की कशी दचकते बघितलंस ना? मीही तशीच दचकते."

मंडईतला आंबेवाला आठवला, रिक्षा आठवली, चालू नळ आठवला.

"तुम्हाला कधीपासून?" मी विचारलं, पण माझं तोंड कुत्रीकडे होतं. तिनं कानाशी हात नेला. मी पुन्हा, तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"वर्ष होऊन गेलं. आधी डावा गेला, आता उजवाही जातोय. यंत्र घेतलंय. त्या गोल डबीत आहे, तू बघितलीस ना. घालत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात. मग सगळ्या जगाला ऐकू जातं, मलाच तेवढं जात नाही." ती जरा हसली. "तू माझ्यावर नजर ठेवतेयस हे कळत होतं मला. प्रश्न विचारायचीस, खोलीत गेलीस. मला वाटलं, तुला माझ्या कानाचा संशय आलाय. म्हणून मी आणखी सांभाळून होते."

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मनावर इतके दिवस ओझं होतं. मी तिला गोळ्यांबद्दलचा माझा संशय सांगून टाकला.

ताईचं हसणं गेलं. "झोपेच्या गोळ्या? कुत्रीला? मी?" एवढंच म्हणाली. उठली, लंगडत वर गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस ती आमच्याबरोबर जेवायला बसली नाही. पान खोलीत नेऊन जेवायची. मी समजूत घालायला गेले की पाठ फिरवायची, आणि पाठ फिरवली की तिच्याशी बोलणंच संपायचं. नवरा मला एका शब्दानं काही म्हणाला नाही. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाई परत आल्या. मी कुत्रीला घेऊन गेले. त्यांनी तिला टेबलावर बसवलं, मागे उभं राहून टाळी वाजवली, स्टीलचा ट्रे आपटला. कुत्री समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिली. "वयामुळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकी ठणठणीत आहे. आता बाहेर नेताना साखळी कधीच सोडायची नाही. जवळ जाताना पाय आपटत जा, फरशीतून तिला कळतं. हातानं खुणा करा. आणि घराचं दार सांभाळा. आधी भीतीनं घरात राहायची, आता भीती नाही, म्हणजे जास्त धोका."

मी म्हटलं, "तरी रक्त तपासून घ्यायचं का? कुणी काही दिलं असेल तर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तपासता येईल. पण काय सापडावं असं तुम्हाला वाटतंय?"

मी साखळी हातात घेतली आणि घरी आले.

ताईचा राग एकदम गेला नाही, हळूहळू गेला. माझ्यामुळे नाही, कुत्रीमुळे. एका सकाळी मी पाय आपटून, हात हलवून कुत्रीला बोलवायचा प्रयत्न करत होते. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. ताई दारातून म्हणाली, "तू एकाच वेळी दहा हातवारे करतेयस. तिला काय कळणार? एक खूण, आणि नेहमी तीच." मग तिनंच ताबा घेतला. तळहात खाली म्हणजे बस. हात छातीशी म्हणजे ये. बोट दाराकडे म्हणजे फिरायला. सुट्टी संपेपर्यंत कुत्री या तिन्ही खुणा शिकली. कुत्र्यांना समोरच्या घरात ठेवणारी बाई दुपारभर तिच्यासमोर जमिनीवर बसून असायची. दहीभात पुन्हा तिच्याकडे गेला.

तिच्या कानाचं यंत्र नीट बसवून घ्यायला आम्ही दोघी टिळक रोडला गेलो. मी बरोबर येऊ का, असं विचारलं होतं, तर म्हणाली, "ये. पण तिथे माझ्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत."

सेक्रेटरींकडे मी आभार मानायला गेले. त्यांच्या मुठीची सालटं निघाली होती. "ते लिफ्टमध्ये म्हणाला होतात, आम्हाला काहीतरी करावं लागेल," मी म्हटलं, "म्हणजे काय करणार होतात?" ते म्हणाले, "भाषणच ठेवणार नव्हतो. नाही ठेवलं. बघितलंत ना?" खरंच, त्या वर्षी भाषण झालं नव्हतं. उत्तर बिनचूक होतं. इतकं बिनचूक उत्तर आधीपासून तयार असतं, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे ते मी पूर्ण मान्य केलेलं नाही. बिस्किटं ते अजून देतात. मी पाकीट दर वेळी वाचते.

जूनच्या तोंडावर, ताई परत जायच्या आदल्या दिवशी, लॉनवर हंगामातलं बहुधा शेवटचं मोठं लग्न होतं. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. ताईच्या कानात यंत्र होतं. वरात वळणावर आली, डीजे सुरू झाला, आणि ताईनं दोन्ही हात कानांवर दाबले.

"हे रोज असं वाजतं?" तिनं मला ओरडून विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

"महिनाभर मी याच्या शेजारी झोपत होते?"

"हो."

तिनं कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग कठड्याशी उभ्या असलेल्या कुत्रीला समोरून, हात छातीशी नेऊन, जवळ बोलावलं. आकाशात लाल-हिरवे बाण फुटत होते. कुत्री मान वर करून बघत होती. तिचं अंग अजिबात थरथरत नव्हतं. मी साखळी मनगटाला गुंडाळून बसले होते, ती मात्र सोडली नाही.